गोळ्या चुकवत होते, हे आता डॉक्टरांना कसं सांगू?

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे. सोळाव्या वर्षापासून मला फिट येतात आणि तेव्हापासून फेनिटॉइन चालू आहे, रोज रात्री ३०० मिलिग्रॅम. गेली चार वर्षं एकही फिट आली नव्हती. पण हिरड्या इतक्या सुजल्यात की हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली. त्यात आता आम्हाला मूल हवं आहे. ‘या गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळात व्यंग येतं’, असं नात्यातल्या एका मोठ्या बाईंनी सांगितलं. म्हणून मी कुणालाही न सांगता गोळी टाळायला लागले. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनतीनदा. काही होत नाही म्हटल्यावर धीर वाढला. महिन्याभरापूर्वी ऑफिसात फिट आली. डॉक्टरांनी विचारलं, ‘गोळ्या नियमित घेता ना?’ नवरा शेजारीच बसला होता. मी ‘हो’ म्हटलं. रक्त तपासलं तर औषधाची पातळी कमी आली, म्हणून डोस ४०० केला. आता रोज रात्री नवरा समोर उभा राहून गोळ्या देतो, त्यामुळे एकही चुकत नाही. पण गेल्या आठवड्यापासून चालताना तोल जातो, मोबाइलवरची अक्षरं दोन-दोन दिसतात, बोलताना जीभ जड होते. मी माझ्या मनाने एक गोळी कमी करू का? की बंदच करून टाकू? नाहीतरी मूल हवंच आहे. आणि डॉक्टरांना आता कोणत्या तोंडाने सांगू?
ता. क. : फिट आल्यापासून पित्त फार वाढलंय, त्यासाठी अँटासिडचं पातळ औषध घेते. ते चालतं ना?
– नाव छापू नये.

उत्तर : बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तोल जाण्याचं बघू. हे उत्तर वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका. आज रात्रीची गोळी घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना फोन लावा. तोल जाणं, दोन-दोन दिसणं आणि जीभ जड होणं ही तिन्ही लक्षणं फेनिटॉइन घेणाऱ्या माणसात एकत्र दिसली की पहिला संशय रक्तातलं औषध जास्त झाल्याचा येतो. खात्री रक्ताच्या तपासणीनेच होईल, कारण तोल जाण्याची इतरही कारणं असतात. आजची गोळी घ्यायची की गाळायची, उद्यापासून किती घ्यायची, हे डॉक्टर फोनवर सांगू शकतील. डॉक्टर भेटले नाहीत, किंवा उलट्या, खूप गुंगी, बोलण्यात असंबद्धपणा यांतलं काही सुरू झालं, तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि गोळ्यांची स्ट्रिप सोबत न्या. तोपर्यंत गाडी चालवायची नाही, जिना एकटीने उतरायचा नाही, आंघोळीला जाताना आतून कडी लावायची नाही. आणि हो, पातळी फार चढली तर हेच औषध उलट फिट आणूही शकतं, त्यामुळे ‘जास्त झालं म्हणजे निदान फिट तरी येणार नाही’ असा हिशोब करू नका.

मी बरीच वर्षं मेंदूविकारांच्या ओपीडीला जोडलेल्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. तुमच्यासारखं पत्र मला नवीन नाही. डॉक्टरांसमोर ‘हो’ म्हणणारी माणसं औषधाच्या खिडकीशी आली की हळूच विचारतात, ‘मॅडम, मधे दोनतीन दिवस राहिलं तर चालतं ना?’ तेव्हा मला कळतं की आत काहीतरी सांगायचं राहून गेलंय.

तुमच्या बाबतीत काय घडलं असावं ते बघू या. रक्तातली पातळी कमी आली, हे खोटं नव्हतं. पण तिचा अर्थ डॉक्टरांनी तुमच्या ‘हो’वर विसंबून लावला. नियमित ३०० घेऊनही पातळी कमी येते म्हणजे या शरीराला ३०० पुरत नाही, असा तो अर्थ. प्रत्यक्षात तुमच्या पोटात आठवड्याला सातऐवजी चारपाच दिवसांचंच औषध जात होतं. चार वर्षं ज्या ३०० वर फिट आली नाही, तो डोस बहुधा पुरेसाच होता. आता डोस वाढला आणि त्याच वेळी चुकवणंही थांबलं. म्हणजे तुमच्या शरीरापुरती वाढ ३०० वरून ४०० अशी झालीच नाही, ती जेमतेम दोनशेवरून एकदम ४०० अशी झाली. डॉक्टरांचं गणित बरोबर होतं, त्यांना दिलेला एक आकडा चुकीचा होता.

त्यातून फेनिटॉइनचा स्वभावच वेगळा. बहुतेक औषधांमध्ये डोस दीडपट केला की रक्तातलं प्रमाणही दीडपटीच्या आसपास जातं. फेनिटॉइनचं तसं नाही. हे औषध मोडून बाहेर टाकण्याचं काम यकृतातली विकरं (एन्झाइम्स) करतात आणि त्यांची क्षमता ठरावीक असते. तिकिटाच्या चारच खिडक्या उघड्या असाव्यात तसं. गर्दी कमी तोवर सगळे पटापट सुटतात. एकदा चारही खिडक्या भरल्या की वर दहा माणसं आली तरी रांग लांबच लांब होत जाते. म्हणून या औषधाचा डोस एक तृतीयांशाने वाढवला की रक्तातली पातळी दुप्पट किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. एका माणसाच्या खिडक्या किती, हे बाहेरून बघून कळत नाही.

साधारणपणे रक्तात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही पातळी योग्य धरतात. विसाच्या वर गेली की बाजूला बघताना बुबुळं थरथरायला लागतात, तिसाच्या वर चालताना तोल जातो, चाळिसाच्या वर गुंगी आणि गोंधळ. हे आकडे ढोबळ आहेत. कुणाला अठरालाही त्रास होतो. नवा डोस रक्तात स्थिरावायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून वाढवल्यावर पहिले काही दिवस तुम्हाला काहीच जाणवलं नाही आणि मग एकदम सुरू झालं. उतरतानाही तेच. एरवी निम्मं औषध शरीराबाहेर जायला दिवसभर लागतो, पण पातळी चढलेली असताना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. डॉक्टरांनी आज डोस कमी केला तरी तोल उद्या सकाळी ताळ्यावर येईल असं नाही. काही दिवस भिंतीचा आधार घेऊन चालावं लागेल, त्याने घाबरून जाऊ नका.

‘मनाने एक गोळी कमी करू का?’ नको. कारण अगदी साधं आहे : आत्ता रक्तात किती आहे हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. एक कमी करून भागेल की एकदोन दिवस पूर्ण थांबवायला लागेल, की ३०० वर परत यायचं, की मधला एखादा डोस धरायचा, हे पातळी बघितल्याशिवाय ठरत नाही. आणि ‘बंदच करून टाकू का?’ याला तर माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. वर्षानुवर्षं चालू असलेलं फिटचं औषध एकदम तोडलं की फिटमागून फिट येत राहण्याचा धोका असतो. मध्ये शुद्धच येत नाही. त्याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. औषध कधीच थांबवता येत नाही असं मात्र नाही. दोन किंवा अधिक वर्षं फिट आली नसेल तर डॉक्टर हा विषय काढतात, ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख), फिटचा प्रकार, एमआरआय बघतात, आणि थांबवायचं ठरलं तर महिनोन्‌महिने थोडंथोडं कमी करत जातात. चार वर्षं फिट नव्हती तेव्हा तुम्ही हा विषय उघडपणे काढला असता तर तुमच्यापुढे एक खरा पर्याय होता. आता ताजी फिट येऊन गेल्यावर तो काही काळ मागे पडला.

या भागात एक गोष्ट मला नाइलाजाने लिहावी लागते, कारण ती घरच्यांना क्वचितच कुणी सांगतं. अपस्मार, म्हणजे फिटचा हा आजार, असलेल्या प्रौढांमध्ये दर वर्षी साधारण हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुधा झोपेत, आणि मागे दुसरं कारण सापडत नाही. मोठ्या फिट येत राहणाऱ्यांमध्ये हा धोका जास्त असतो. चार वर्षं तुमच्या फिट ज्या गोळ्यांनी अडवून धरल्या, त्याच तुम्ही आठवड्यातून दोनतीनदा बाजूला ठेवत होतात. ‘काही होत नाही’ असं वाटणंही समजू शकते. गोळी चुकली की त्याच रात्री फिट येईलच असं नसतं. पातळी उतरत राहते आणि एखाद्या जागरणाच्या, तापाच्या किंवा पाळीच्या दिवशी संधी साधते.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरांना सांगायचं कसं?

फोनवर इतकंच बोला : “डॉक्टर, फिट आली त्याआधी मी बरेच दिवस आठवड्यातून दोनतीन गोळ्या चुकवत होते. तेव्हा मी सांगितलं नाही. आता ४०० रोज घेतेय आणि तोल जातोय, दोन-दोन दिसतंय.” एवढ्या तीन वाक्यांत त्यांना निर्णयाला लागणारं सगळं मिळतं. कारणं, माफी, रडणं नंतर. ते थोडे चिडतीलही, क्षणभर. पण अपस्माराच्या डॉक्टरांना अशी कबुली नवी नसते. चुकवलेल्या गोळ्या हे फिट परत येण्याच्या सगळ्यात नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. उलट ही माहिती मिळाली नाही तर डोस वाढत जातो, मग दुसरं औषध येतं, आणि एक दिवस पेशंट मनावर घेऊन सगळं नियमित घ्यायला लागतो तेव्हा आजारापेक्षा औषधच भारी पडतं. पुरेशा मात्रेत, नियमित घेतलेली, नीट निवडलेली दोन औषधं लागू पडली नाहीत तर त्या अपस्माराला औषधांना न जुमानणारा असा शिक्का बसतो आणि शस्त्रक्रियेपर्यंतच्या तपासण्या सुरू होतात. ‘नियमित’ या एका शब्दावर हे सगळं उभं असतं.

आमच्याकडे एक बाई यायच्या. तिसऱ्यांदा डोस वाढवून घेऊन बाहेर आल्या, माझ्यासमोर थोडा वेळ घुटमळल्या आणि मग पिशवीच काउंटरवर उलटी केली. कितीतरी महिन्यांच्या अर्धवट स्ट्रिप्स बाहेर पडल्या. काहींची तर मुदत संपलेली. मी त्यांना तशीच आत परत घेऊन गेले. डॉक्टरांनी त्या स्ट्रिप्स टेबलावर ओळीने मांडल्या, एकेकीत किती गोळ्या उरल्यात ते मोजलं, आणि दहा मिनिटांपूर्वी लिहिलेलं नवं औषध कागदावरून खोडून टाकलं. एक शब्द लागला नाही. तुम्हाला बोलायला अगदीच जड जात असेल तर हा मार्ग आहे : उरलेल्या सगळ्या गोळ्या घेऊन जा. त्यांचा हिशोब आपोआप लागतो.

रक्ताच्या तपासणीबद्दल एक बारकावा. रक्त देताना शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ प्रयोगशाळेच्या कागदावर लिहायला सांगा. नेहमीच्या देखरेखीसाठी पुढची गोळी घेण्याआधीचं रक्त देणं सोयीचं असतं, पण तुमच्या आत्ताच्या लक्षणांत ती वाट बघत बसायची नाही.

मुलाबद्दल. नात्यातल्या बाईंनी जे सांगितलं त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. कुठल्याही गरोदरपणात बाळात मोठं व्यंग असण्याची शक्यता शंभरात दोनतीन असते. आई फेनिटॉइनवर असेल तर ती शंभरात साधारण सहा होते. व्हॅल्प्रोएट या फिटच्या दुसऱ्या औषधावर दहाच्या आसपास, शिवाय त्या मुलांमध्ये पुढे बोलणं, शिकणं, वागणं यांतल्या अडचणी शंभरात तीसचाळीस जणांना दिसतात. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या बायकांना व्हॅल्प्रोएट शक्यतो देतच नाहीत. लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटॅम या फिटच्याच औषधांवर हा आकडा तीनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नेहमीइतकाच राहतो. आता दुसरी बाजू. औषध सोडल्यावर गरोदरपणात मोठी फिट आली तर आई पडते, पोटावर मार बसतो, बाळाचा प्राणवायू कमी पडतो. तेव्हा प्रश्न ‘गोळी की बाळ’ असा नाहीच. कुठली गोळी, किती, आणि केव्हापासून, एवढाच आहे. अपस्मार असलेल्या बहुसंख्य बायकांना निरोगी मुलं होतात, औषध चालू असताना.

तुमच्या जागी मी असते तर डॉक्टरांना हे थेट म्हटलं असतं : ‘पुढच्या वर्षभरात मूल हवंय, हिरड्यांचाही त्रास आहे, मला दुसऱ्या औषधावर नेता येईल का?’ तुमच्याकडे बदलासाठी दोन चांगली कारणं आहेत आणि एकाही कारणाबद्दल डॉक्टरांना माहिती नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. बदल होईलच असं मी सांगू शकत नाही, फिटचा प्रकार बघून तो ठरतो. पण ठरला तर त्याला महिने लागतात. लॅमोट्रिजिन मुंगीच्या पावलाने वाढवावं लागतं, कारण घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ येऊन ते जिवावर बेतू शकतं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ताप, तोंडात फोड, सालपटं निघणारी पुरळ यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. हे औषध मध्ये चारपाच दिवस सुटलं तर पूर्वीच्या डोसवर थेट उडी मारायची नसते, पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. गोळ्या चुकवायची सवय असलेल्या माणसाला हे आधी माहीत असलेलं बरं. लेव्हेटिरासिटॅम झटपट वाढवता येतं, पण काहींचा स्वभाव त्याने बदलतो, चिडचिड होते, मन खचतं. फिटच्या कुठल्याही औषधावर असताना जगणं नको वाटायला लागलं तर ती मनाची कमजोरी समजून गप्प बसू नका. हा या औषधांचा माहीत असलेला परिणाम आहे आणि त्यावर उपाय करता येतो.

औषधाची ही सगळी अदलाबदल दिवस जाण्याच्या आधी उरकायची असते. दिवस गेल्यावर घाबरून औषध बदलण्यात फारसा अर्थ राहत नाही, कारण बाळाचे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, अनेकदा आईला कळायच्याही आत. फॉलिक ॲसिडही आधीपासूनच सुरू करायचं, मात्रा डॉक्टर सांगतील. तोवर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. फेनिटॉइन त्यांचा असर कमी करतं, ऐनवेळी घ्यायच्या गोळीचासुद्धा. तांबी किंवा कंडोमला त्याने फरक पडत नाही. दिवस गेल्यावर अनेक औषधांची रक्तातली पातळी आपोआप उतरते, तेव्हा तपासण्या वाढतील. फेनिटॉइनच चालू राहिलं तर त्या काळात रक्तातलं मोकळं (प्रथिनांना न चिकटलेलं) फेनिटॉइन मोजणं जास्त उपयोगाचं, हे डॉक्टरांना आठवण करायला हरकत नाही.

हिरड्यांचं म्हणाल तर ती सूज तुमच्या दात घासण्यातल्या हलगर्जीपणाने आलेली नाही, ती फेनिटॉइनची जुनी खोड आहे. घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना कमीअधिक होते. १९३८ मध्ये हे औषध आलं तेव्हा गुंगी न आणता फिट थांबवणारं म्हणून त्याचं मोठं अप्रूप होतं, कारण त्याआधीची ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटल माणसाला झोपाळू करून टाकायची. त्या मानाने हिरड्या क्षुल्लक वाटल्या असतील. हसताना तोंडावर हात धरावा लागणाऱ्या मुलीला त्या क्षुल्लक नसतात. दाताच्या डॉक्टरांकडून नियमित सफाई केल्यास सूज आटोक्यात राहते, औषध बदललं तर काही महिन्यांत बरीच ओसरते. इतक्या वर्षांच्या फेनिटॉइनने हाडंही ठिसूळ होऊ शकतात, तेव्हा ड जीवनसत्त्वाची तपासणी मागून घ्या.

नवऱ्याबद्दल थोडं लिहू का? ते समोर उभं राहून गोळ्या देतात, त्यामागे भीती आहे. तुम्हाला ऑफिसातून आणायला गेले असतील तेव्हा काय पाहिलं असेल त्यांनी, याचा विचार करा. पण पहाऱ्याखाली घेतलेली गोळी फार दिवस टिकत नाही; लपवायच्या नव्या जागा सापडतात. आठवड्याच्या सात खणांची डबी आणा, दर रविवारी तुम्हीच भरा आणि ती दोघांना दिसेल अशी ठेवा. रिकामा खण बघून कळतं, विचारावं लागत नाही. त्यांना खरं कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण डॉक्टरांना सांगण्याआधी नवऱ्याची परवानगी लागत नाही. डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीने बोलायचंय, असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

त्यांच्यावर पहाऱ्याऐवजी एक खरं काम सोपवा : फिट आली तर काय करायचं ते शिकून ठेवणं. घड्याळ बघायचं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, गळ्याभोवतीचं सैल करायचं. दातखिळी उघडायची नाही, तोंडात चमचा, बोट, पाणी, गोळी काहीही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, किंवा शुद्ध न येता दुसरी सुरू झाली, तर ॲम्ब्युलन्स. लांबलेली फिट थांबवण्यासाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा घरी ठेवावा का, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

पुढे कधी गोळी खरोखरच विसरली तर? दिवसातून एकदाच घ्यायचं औषध असेल आणि त्याच दिवशी आठवलं तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका, फेनिटॉइनच्या बाबतीत तर नकोच. चुकली ती तारीख मात्र वहीत टिपा. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नवीन आणा. संपल्यावर धावणारे लोक हमखास दोन दिवस चुकवतात. दुकानात वेगळ्या कंपनीची स्ट्रिप हातात पडली तर न विचारता घेऊ नका. फेनिटॉइनच्या गोळ्या, कॅप्सूल आणि पातळ औषध यांतलं मूळ औषधाचं प्रमाण सारखं नसतं आणि वर सांगितलेल्या स्वभावामुळे एवढासा फरकही रक्तात मोठा होतो. (मुलांना पातळ फेनिटॉइन देणाऱ्या आईवडिलांसाठी : बाटली दर वेळी खळखळून हलवा. न हलवता दिलं तर वरवरचं पातळ आधी जातं, गाळ तळाशी बसतो आणि शेवटच्या काही दिवसांत मूल झिंगल्यासारखं करायला लागतं.)

आणि कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या डॉक्टरकडेही, पहिलं वाक्य ‘मला अपस्मार आहे आणि मी फेनिटॉइन घेते’ हेच असू द्या. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल किंवा क्षयावरचं आयसोनियाझिड फेनिटॉइनची पातळी चढवतं. वेदनाशामक म्हणून सहज लिहिलं जाणारं ट्रामाडॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स फिट आणायला मदत करतात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं तर फिटची गोळी त्या उपासामुळे गाळायची की घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा.

राहता राहिलं तुमचं अँटासिड. कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेली अँटासिड्स फेनिटॉइन आतड्यातून शोषलं जाणं कमी करतात, म्हणून दोन्हींमध्ये दोनतीन तासांचं अंतर ठेवतात. फिटनंतर तुम्ही ते सुरू केलंत, तेव्हा आधीची पातळी त्याने उतरली असं म्हणता येत नाही. पण आज फोनवर ते घेत असल्याचं सांगा, आणि पित्ताची दुसरी एखादी गोळी कुणी दिली असेल तर तिचंही नाव सांगा. सिमेटिडिनने फेनिटॉइन वाढतं, ओमेप्राझोलनेही थोडंफार वाढू शकतं. शिवाय पित्त म्हणून तुम्ही जे म्हणताय, त्यात मळमळ असेल तर ती पित्ताचीच आहे असं धरून चालू नका. चढलेल्या फेनिटॉइननेही मळमळतं. डॉक्टरांना फोन करताना ती कधी सुरू झाली, डोस वाढवण्याआधी की नंतर, एवढं आठवून ठेवा.